शाळेत जिराफाच्या मानेपुरता उरलेला लामार्क टोपीसारख्या शंखांचा घोळ निस्तरत उत्क्रांतीपर्यंत पोचला होता

ओहोटीच्या वेळी मालवण, रत्नागिरी किंवा अगदी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात, तर खडकाला चिकटलेल्या छोट्या छोट्या टोप्या दिसतात. वरून निमुळत्या, खाली पसरट. शंखाला असतो तसा पीळ त्यांना नसतो, शिंपल्याला असतात तशी दोन झाकणंही नसतात. बोटानं ढकलायला जावं तर टोपी आणखीच घट्ट बसते.

फोटो काढून ग्रुपवर टाकला की उत्तर येतं, लिंपेट.

उत्तर चुकीचं नसतं, पण अर्धवट असतं. कारण लिंपेट हे काही एका प्राण्याचं नाव नाही. ते एका आकाराचं नाव आहे. समुद्री गोगलगायींच्या कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांनी हा टोपीसारखा आकार आपापला, स्वतंत्रपणे कमावलाय. वरून बघाल तर सख्खी भावंडं वाटतील, पण नातं बघायला गेलात तर चुलत सोडा, गावसुद्धा एक निघत नाही.

मग ओळखायचं कसं?

या प्रश्नाचं पहिलं नीट उत्तर ज्यांनी शोधलं, त्यांतलं सगळ्यात मोठं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं आहे. पण वेगळ्याच कारणासाठी. उंच झाडाचा पाला खायला मान ताणत राहिल्यामुळे जिराफाची मान लांब झाली, असं म्हणणारा आणि नंतर डार्विनपुढे चुकीचा ठरलेला तो शास्त्रज्ञ म्हणजे ज्याँ-बाप्तिस्त लामार्क.

जिराफ हा त्याच्या मोठ्या ग्रंथातला एक लहानसा दाखला होता. त्याचं खरं आयुष्य गेलं ते शंख-शिंपल्यांत.

घोड्यावर बसला आणि थेट लढाईत पोचला

लामार्कचा जन्म १ ऑगस्ट १७४४ चा. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दी भागात बाझाँतँ नावाचं गाव आहे, तिथला. घराणं सरदारांचं, पण पैसा जेमतेम. त्यात हा अकरावं अपत्य. घरच्यांनी ठरवून टाकलं की पोरगा पाद्री होणार, आणि त्याला अमिएँच्या जेझुइट शाळेत घातलं.

पोराचं मन मात्र सैन्यात होतं. वडील वारले आणि अडवणारं कोणी उरलं नाही. त्याने एक घोडा घेतला आणि जर्मनीत लढत असलेल्या फ्रेंच फौजेकडे निघाला. तेव्हा सात वर्षांचं युद्ध चालू होतं.

जुलै १७६१ मध्ये फेलिंगहाउझनची लढाई झाली. लामार्कला तेव्हा सतरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. असं सांगतात, की त्याच्या तुकडीचे सगळे अधिकारी मारले गेले, तेव्हा उरलेल्या मूठभर सैनिकांची सूत्रं या पोराने हातात घेतली आणि हुकूम येईपर्यंत जागा सोडली नाही. या कामगिरीबद्दल त्याला तिथल्या तिथे अधिकारी करण्यात आलं.

युद्ध संपलं. छावणीत मस्करी चालू असताना एका सोबत्याने त्याला डोकं धरून वर उचललं आणि मानेला गंभीर इजा झाली. उपचारांसाठी पॅरिस गाठावं लागलं, शस्त्रक्रिया झाली आणि सैन्यातली नोकरी संपली. हातात राहिलं वर्षाला ४०० फ्रँकचं पेन्शन.

तेवढ्यावर पॅरिसमध्ये भागणार कसं? त्याने बँकेत नोकरी केली, वैद्यकीय शिक्षण घेतलं, आणि या सगळ्यात त्याला झाडांचा नाद लागला.

दोनच पर्याय द्या, एक निवडा

त्या काळी एखादं झाड ओळखायचं म्हणजे मोठा व्याप होता. जाडजूड लॅटिन ग्रंथ, शेकडो वर्णनं, आणि आपल्या हातातल्या फांदीशी कुठलं जुळतं ते बघत बसायचं. जाणकाराला जमायचं, नवख्याचं काम नव्हतं.

१७७८ मध्ये लामार्कचा फ्रान्सच्या वनस्पतींवरचा तीन खंडांचा ग्रंथ आला. भाषा फ्रेंच, म्हणजे लोकांना कळणारी. आणि पद्धत भन्नाट सोपी. प्रत्येक पायरीवर फक्त दोन पर्याय. फूल आहे की नाही? पाकळ्या सुट्या आहेत की जुळलेल्या? एक निवडा, पुढच्या पायरीवर जा. असं करत करत शेवटी एकच नाव उरतं.

आज पक्षी, फुलपाखरं किंवा रानभाज्या ओळखायच्या ज्या पायरी-पायरीच्या पुस्तिका असतात, त्यामागे हीच पद्धत आहे. ती इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरून दाखवली ती लामार्कने.

त्या काळातला फ्रान्सचा सगळ्यात वजनदार निसर्गशास्त्रज्ञ होता ब्युफाँ. त्याच्या मदतीने हा ग्रंथ सरकारी खर्चाने छापला गेला. १७७९ मध्ये लामार्क फ्रेंच विज्ञान अकादमीत गेला आणि पुढे राजाच्या बागेत वनस्पतींच्या संग्रहाचं काम बघू लागला.

म्हणजे चाळिशी ओलांडेपर्यंत हा माणूस पक्का वनस्पतीवाला होता. समुद्री गोगलगायींशी त्याचा संबंध छंदापुरता. शंख गोळा करायची आवड होती आणि ब्रुगिएर नावाचा शंखतज्ज्ञ मित्र होता, एवढंच.

जे कोणालाच नको होतं, ते लामार्कच्या वाट्याला आलं

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाची बाग राजाच्या नावाने ठेवण्यात आता अर्थ नव्हता. १७९३ मध्ये तिथे राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालय उभं राहिलं आणि प्राध्यापकांच्या जागा वाटल्या गेल्या.

वनस्पतिशास्त्र दुसऱ्यांकडे गेलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधला मोठा भाग मिळाला जॉफ्रुआ सँतिलेर याला, वय वर्षं २१. आणि लामार्कला मिळाले कीटक, कृमी आणि सूक्ष्म प्राणी. तेव्हा तो जवळपास ४९ वर्षांचा होता.

कृमी म्हणजे फक्त गांडुळं नव्हेत बरं. स्वीडनच्या लिनीअसने सगळ्या सजीवांची जी मांडणी केली होती, तिच्यात कणा नसलेल्या प्राण्यांचे दोनच वर्ग होते. एक कीटकांचा, दुसरा कृमींचा. कीटकांत न बसणारं सगळं दुसऱ्या वर्गात. गोगलगायी, शिंपले, माकूल, तारामासे, जेलीफिश, प्रवाळ, सगळे एकाच खोलीत. थोडक्यात, ही विज्ञानाची अडगळीची खोली होती.

पन्नाशीला आलेल्या माणसाला विषय बदलायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पण लामार्कने ती खोली आवरायला घेतली. पुढच्या काही वर्षांत त्याने खेकडे-कोळंबीचा गट कीटकांपासून वेगळा केला, कोळी-विंचवांचा वेगळा केला, वळ्यावळ्यांच्या कृमींचा वेगळा केला. कणा नसलेले प्राणी या अर्थाचा जो शब्द आज आपण अपृष्ठवंशी म्हणून वापरतो, तो गट त्या नावाने रूढ केला तोही त्यानेच.

आणि मग पाळी आली टोप्यांची.

लिनीअसची ताटली

प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं नाव असतं, हे आपल्याला माहिती असतं. पहिलं नाव वंशाचं, म्हणजे आडनावासारखं. दुसरं त्या जातीचं.

लिनीअसने १७५८ मध्ये टोपीसारख्या शंखांना एकच आडनाव दिलं होतं, पटेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी ताटली. शंख एकच, पीळ दिसत नाही, आकार ताटली किंवा टोपीसारखा? मग तो पटेला. इतका साधा हिशोब.

पण या हिशोबात काय काय आत आलं बघा. लाटांच्या माऱ्यात खडकावर बसणारी खरी लिंपेट आली. टोकाला भोक असलेली आली. कडेला चीर असलेली आली. उलटी केली तर आत अर्धा पडदा असलेली आली. गोड्या पाण्यातली आली. एवढंच नाही, तर लिंग्युला नावाचा जो प्राणी मुळात गोगलगायच नाही, त्याचं एक सुटं झाकण बघून तोही पटेलात गेला.

लिनीअसला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे अख्ख्या सृष्टीची यादी होती. पण नाव एक आणि प्राणी भलतेच, असं झालं की पुढचं सगळं चुकतं. तो काय खातो, श्वास कसा घेतो, कुठे राहतो, यांतलं काहीच एका नावावरून सांगता येत नाही.

हा गुंता सोडवायला सुरुवात केली होती ती लामार्कचा मित्र ब्रुगिएर याने. टोकाला भोक असलेल्यांना त्याने १७८९ मध्ये वेगळं काढून फिसुरेला हे नाव दिलं. पण पुढे तो संशोधन मोहिमेवर पूर्वेकडे गेला आणि परतीच्या वाटेवर १७९८ मध्ये इटलीत वारला. त्याचं शंखांवरचं मोठं काम अर्धवट राहिलं.

मित्राचं अर्धवट काम लामार्कने हातात घेतलं. आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, शंख-शिंपल्यांची नवी मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात शंभराहून जास्त वंश होते.

टोपी उलटी करून बघा

लामार्कची युक्ती तीच होती, झाडांवर वापरलेली. एका वेळी एक प्रश्न. फक्त इथे एक महत्त्वाची गोष्ट वाढली. टोपी वरून बघून भागत नाही, ती उलटी करावी लागते.

त्याने, त्याच्या मित्राने आणि नंतरच्यांनी मिळून जी पद्धत बसवली, ती आजही किनाऱ्यावर रिकामा शंख सापडला की वापरता येते.

पहिला प्रश्न, टोकाला भोक आहे का? असेल तर ती फिसुरेलाच्या घराण्यातली. हे भोक म्हणजे शंख फुटलेला नसतो. श्वासासाठी आत घेतलेलं पाणी आणि शरीरातली घाण याच भोकातून बाहेर जाते. यांतल्या बऱ्याच जाती ओहोटीच्या रेषेजवळ किंवा तिच्याखाली राहतात, आणि काही जाती स्पंज खातात.

दुसरा प्रश्न, पुढच्या कडेला चीर आहे का? असेल तर ती एमार्जिन्युला. हे नाव लामार्कने १८०१ मध्ये दिलं. चिरेचं काम भोकासारखंच, जागा वेगळी.

आता शंख उलटा करा. आत अर्ध्या भागावर फळी बसवल्यासारखा पांढरा पडदा दिसतो का? दिसला तर ती क्रेपिड्युला, लामार्कने १७९९ मध्ये वेगळी काढलेली. नावाचा अर्थ छोटी चप्पल. उलटा शंख खरंच चपलेसारखा दिसतो, पुढे पाय घालायची जागा आणि मागे उघडं. हिची राहायची जागाही निराळी. लाटांनी झोडपलेल्या खडकांपेक्षा शांत पाण्यात, दुसऱ्या शंख-शिंपल्यांवर ही बसते. एकीवर एक अशी चळतच रचतात. चळतीत खालच्या माद्या असतात, वरचे नर, आणि वाढत जाताना नराचीच मादी होते. खडक खरवडून खाण्याऐवजी ही पाण्यातले कण गाळून खाते.

आतला पडदा फळीसारखा नसून पिळदार किंवा वाटीसारखा असेल तर ती कॅलिप्ट्रिआ किंवा तिची नातेवाईक. वरून अगदी चिनी टोपी. कॅलिप्ट्रिआ हा वंशही लामार्कचाच, साल तेच, १७९९.

आणि भोक नाही, चीर नाही, पडदा नाही, आत फक्त घोड्याच्या नालेसारखा एक वळ दिसतोय, तर? हा वळ म्हणजे प्राण्याचा स्नायू जिथे शंखाला चिकटतो ती जागा. नालेचं तोंड पुढच्या बाजूला, डोक्याकडे उघडत असेल, तर ती खऱ्या लिंपेटपैकी. पटेला हे जुनं आडनाव यांच्यातल्याच एका वंशाकडे राहिलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले उघडे खडक हे यांचं घर. यांतल्या अनेक जाती भरतीत फिरून शेवाळ खरवडतात आणि नेमक्या आपल्याच जागी परत येतात. शंखाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाला बरोबर बसेल अशी घासली गेलेली असते, म्हणून ओहोटीत आतला ओलावा टिकून राहतो.

म्हणजे शंख काय सांगतोय आणि जागा काय सांगतेय, दोन्ही जुळवायचं. दोन्ही एकच उत्तर देत असतील तर ओळख पक्की.

जो टोपीवाला वाटतो पण नसतो

या सगळ्यात कस लागला तो दक्षिण अमेरिकेतल्या एका शंखाचा.

चिली आणि पेरूच्या खडकाळ किनाऱ्यावर एक मोठी, जाडजूड गोगलगाय मिळते. स्थानिक लोक तिला लोको म्हणतात. शंखाचं तोंड इतकं रुंद, की पीळ जवळपास दिसतच नाही. पालथी पडली की लिंपेटची थोरली बहीण वाटावी. बाजारात तिला चिलीचं ॲबलोन म्हणूनही विकलं गेलं, पण ॲबलोनशीही तिचं जवळचं नातं नाही.

लामार्कने १८०१ मध्ये तिला कॉन्कोलेपस हा वेगळा वंश दिला. आणि नंतरच्या मोठ्या ग्रंथात तिला टोपीवाल्यांच्या जवळसुद्धा ठेवलं नाही. तिला त्याने नेऊन बसवलं पर्प्युरा नावाच्या पिळदार, शिकारी गोगलगायींच्या पंगतीत.

कारण जवळून बघितलं की फरक दिसतात. शंखाच्या कडेला खाच आहे, तिथे दोन छोटे दात आहेत, आणि प्राण्याला लहानसं झाकण आहे. प्रौढ लिंपेटला झाकण नसतं. शिवाय लोको शेवाळ खात नाही. ती शिंपले आणि खडकाला चिकटणारे बार्नॅकल खाते.

आजचं विज्ञान कॉन्कोलेपसला म्युरेक्सच्या घराण्यात ठेवतं, म्हणजे लामार्कने बसवलेल्या पर्प्युराच्याच घरात.

ही नुसती नावाची हौस नव्हे. लोकोची मासेमारी इतकी वाढली की चिलीला १९८९ ते १९९२ या काळात तिच्यावर पूर्ण बंदी घालावी लागली. नंतर किनाऱ्याचे पट्टे मच्छीमार संघटनांना वाटून देऊन ती पुन्हा सुरू झाली. शेवाळ खाणारा प्राणी कमी होणं आणि शिंपले खाणारा शिकारी कमी होणं, दोन्हींचा खडकावर होणारा परिणाम अगदी उलटा असतो. त्यामुळे आपण नक्की कोणाला पकडतोय हे कळणं आधी गरजेचं.

शंख लावता लावता प्रश्न पडला

संग्रहालयात लामार्कपुढे दोन ढीग होते. एक आजच्या समुद्रातल्या शंखांचा आणि दुसरा पॅरिसच्या आसपासच्या जमिनीत सापडणाऱ्या दगडी झालेल्या शंखांचा. पॅरिस समुद्रापासून कितीतरी दूर आहे, पण कधीकाळी तिथे समुद्र होता.

दोन्ही ढीग शेजारी ठेवल्यावर अडचण दिसायला लागली. जुने शंख आजच्यांसारखे होते, पण अगदी तेच नव्हते. मग जुने गेले कुठे?

त्याच संग्रहालयातला दुसरा मोठा शास्त्रज्ञ क्युव्हिए याचं उत्तर होतं की जुने प्राणी नष्ट झाले. लामार्कला ते पटेना. त्याचं म्हणणं पडलं की ते नष्ट झाले नाहीत, ते हळूहळू बदलत गेले.

मे १८०० मध्ये विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानात त्याने हा विचार पहिल्यांदा जाहीरपणे मांडला. म्हणजे शंखांच्या मांडणीनंतर वर्षभरातच. विज्ञानाचा इतिहास अभ्यासणारे या दोन गोष्टी एकमेकींशी जोडतात.

१८०९ मध्ये त्याचा प्राणिशास्त्राच्या तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ आला. परिस्थिती बदलली की सवयी बदलतात, सवयींप्रमाणे अवयव वाढतात किंवा झिजतात, आणि तो बदल पुढच्या पिढीत जातो, अशी त्याची मांडणी होती. ज्या वर्षी हा ग्रंथ आला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनचा जन्म झाला. डार्विनचं पुस्तक यायला अजून ५० वर्षं होती.

बदल कसा होतो, याचं लामार्कचं उत्तर चुकलं. पण सजीव बदलतात, हे त्याने डार्विनच्या अर्धशतक आधी छापून सांगितलं होतं.

अपमान, आणि मग अंधार

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं का? अजिबात नाही.

१८०९ च्या सुमाराचा एक प्रसंग फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. एका समारंभात लामार्कने आपला नवा ग्रंथ नेपोलियनला भेट द्यायला पुढे केला. लामार्क तेव्हा दरवर्षी हवामानाच्या अंदाजांची एक पुस्तिका काढायचा आणि तिची टिंगल व्हायची. नेपोलियनला वाटलं, हे तेच. त्याने सगळ्यांसमोर त्याला झापलं. हा ग्रंथ प्राण्यांवरचा आहे, हे सांगायचा लामार्कने प्रयत्न केला, पण ऐकून घेतलं गेलं नाही. पासष्टीचा, कधीकाळी रणांगणात न डगमगलेला तो माणूस तिथेच रडला.

तरी काम थांबलं नाही. १८१५ पासून अपृष्ठवंशी प्राण्यांवरच्या महाग्रंथाचे खंड यायला लागले. आणि याच काळात त्याची नजर जायला लागली. १८१८ च्या सुमाराला तो पूर्ण आंधळा झाला.

विचार करा. ज्याच्या आयुष्याचं सगळं काम शंखावरची बारीक चीर, आतला पडदा, कडेवरची खाच बघण्यावर उभं होतं, त्याचेच डोळे गेले.

तेव्हा पुढे आली त्याची मुलगी कॉर्नेली. वडील सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. कीटकांच्या व्याख्यानांची जबाबदारी सहकारी लात्रेयने उचलली. शेवटचे खंड असे सांगून लिहिलेले आहेत. १८२२ मध्ये सातवा खंड आला आणि ग्रंथ पुरा झाला. टोपीवाल्या गोगलगायींची त्याची अखेरची मांडणीसुद्धा या सांगून लिहिलेल्या भागातलीच.

तिच्यात चुका होत्या का? होत्या. भोकवाल्यांना आणि चपलेसारख्यांना त्याने एकाच कुळात ठेवलं. आज कळतं की त्यांचं नातं फार लांबचं आहे. भोकवाल्या लिंपेट ॲबलोनच्या बाजूच्या, चपलेसारख्या दुसऱ्याच फांदीवरच्या.

१८ डिसेंबर १८२९ रोजी लामार्क वारला. घरात पैसे नव्हते. अंत्यविधीसाठी कुटुंबाला अकादमीकडे हात पसरावे लागले. पुस्तकं आणि सामान लिलावात गेलं. पॅरिसच्या माँपार्नासच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली तीसुद्धा पाच वर्षांच्या भाड्याची. मुदत संपल्यावर अवशेष हलवले गेले. आज लामार्कची कबर दाखवता येत नाही.

गेलेल्या सदस्याच्या गौरवाचं भाषण अकादमीत होत असे. लामार्कवर ते लिहिलं क्युव्हिएने. त्यात गौरव कमी आणि त्याच्या कल्पनांची खिल्ली जास्त होती. वाचायची वेळ आली १८३२ मध्ये, तोवर क्युव्हिएही गेला होता. पण युरोपात लामार्कची जी प्रतिमा तयार झाली, तिच्यावर या भाषणाची छाप राहिली. वरवर बघितलं आणि नाव देऊन टाकलं, असंच काहीसं त्याच्या बाबतीत झालं.

१९०९ मध्ये, त्याच्या ग्रंथाला १०० वर्षं झाली तेव्हा, वर्गणी काढून पॅरिसच्या त्याच बागेत त्याचा पुतळा उभारला गेला. चौथऱ्यावर आंधळा बाप आणि त्याला धीर देणारी मुलगी कोरलेली आहे.

त्याची नावं अजून आपल्या घरात आहेत

आता आपल्याकडे या.

देवघरात जो शंख असतो, त्याचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. लिनीअसने त्याला व्होल्युटा या वेगळ्याच गटात टाकलं होतं. तिथून काढून टर्बिनेला हा वंश दिला तो लामार्कने, १७९९ च्या त्याच मांडणीत. खाडीतल्या ज्या शिंपल्या आपण खातो, त्यांतल्या मेरेट्रिक्स या वंशाचं नावही त्याच मांडणीतलं.

आणि सुरुवातीला पाहिलेली ती खडकावरची टोपी?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती बऱ्याचदा दोघींपैकी एक असते. एक सेलाना, ही खऱ्या लिंपेटपैकी. शंख उलटा केला तर आतून चकाकतो आणि नालेसारखा वळ पुढे उघडतो. दुसरी सायफोनेरिया, जी फक्त दिसायला लिंपेट आहे. ही हवेतूनही श्वास घेते. हिच्या शंखाची उजवी कड किंचित बाहेर आलेली असते, आत त्याच बाजूला एक खोबण असते आणि नालेसारखा वळ तिथेच तुटतो.

सायफोनेरिया लामार्कच्या हातून सुटली. तिचा वेगळा वंश इंग्लंडच्या सॉवर्बीने केला १८२३ मध्ये, लामार्कचा शेवटचा खंड आला त्याच्या पुढच्याच वर्षी. पण सॉवर्बीनेही केलं तेच, शंख उलटा केला आणि आत बघितलं.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो टाकताना जिवंत प्राणी खडकावरून ओरबाडून काढू नका. तो सहसा पुन्हा नीट चिकटू शकत नाही. त्याऐवजी वाळूत पडलेला रिकामा शंख शोधा. एक फोटो वरून, एक कडेने, एक उलटा करून आतला. आणि सोबत लिहा की तो कुठे मिळाला. उघड्या खडकाजवळ, दगडाखाली की दुसऱ्या शिंपल्यावर.

एवढं दिलंत की ओळखणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.